मागचे लागले का?

“मागचे लागले का?”

श्रीरंगरावांचं डोकं बॉनेटच्या आड होतं. तिथूनच हा प्रश्न आला आणि वीणाच्या मस्तकात तिडीक गेली. ‘एक मिनिट खाली ये गं’ म्हणाले म्हणून ती आली होती, गॅसवर आमटी उकळत ठेवून. या माणसाचं एक मिनिट केवढं असतं ते लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं तिला, तरी ती दरवेळी येतेच. चूक तिचीच.

“नाही लागले.”

“नीट बघ.”

“अहो, दिव्यात नीट काय बघायचं? लागला तर दिसतो, नाही लागला तर नाही दिसत!”

“पार्किंगचे नाही, इंडिकेटरचे बघ.”

“कुठलेच नाहीत! अंधार आहे सगळा!”

तेवढ्यात भोंगा बोंबलला. साधासुधा नव्हे, आधी पों पों, मग कुईं कुईं, मग कुणीतरी कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा आवाज. वरच्या मजल्यावर वादिराज गॅलरीत आला. तो सोसायटीचा सेक्रेटरी, भला माणूस, पण गेले काही दिवस त्याचाही पारा चढलेला. “श्रीरंग सार! साकु सार, साकु!” पुरे झालं म्हणून त्याने चक्क हात जोडले. पार्किंगमधल्या मांजरीने टाकीमागे धूम ठोकली. वीणाने कानात बोटं घातली.

ड्रायव्हरच्या सीटवर शाल्मली बसली होती, तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. ती आपली आरशात बघून केसांना क्लिप लावत होती. तिला ऐकू येत नाही. दीड वर्षाची असताना ताप आला आणि जाताना तिचे कान घेऊन गेला. या भोंग्याचा बंगळूरच्या अख्ख्या जे. पी. नगरला ताप, आणि जिच्यासाठी तो गाडीत बसवला तिलाच त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून तर हा दिव्यांचा खटाटोप चालला होता.

शाल्मलीला म्हैसूरला नोकरी लागली होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वर दोन वर्षं घरी बसून कुणाकुणाची डेटा एंट्री, आणि आता एका कंपनीत दवाखान्यातली उपकरणं तपासायचं काम. टेबलापाशी बसायचं, सर्किट तपासायचं, डोळ्यांचं काम, कानांचं नाही. मुलाखतीला गेली आणि पहिल्या फटक्यात निवडली गेली. कारखाना गावाबाहेर, बस धड नाही, म्हणून घरातली जुनी गाडी तिने न्यायची असं ठरलं. लायसन्स रीतसर मिळालेलं होतं, चालवायची तर बापापेक्षा बरी. फक्त श्रीरंगरावांनी एक अट घातली.

“अलार्म वाजला तर तुला कसं कळणार? रात्री कुणी काच फोडली, गाडी ओढून नेली, भोंगा बोंबलून बोंबलून मरेल आणि तू वर खोलीत पुस्तक वाचत बसशील. अलार्मबरोबर बाहेरचे सगळे दिवे उघडझाप करायला हवेत. खिडकीतून दिसतील. ते एकदा झालं की गाडी तुझी.”

अट शहाणपणाची होती, नाही कोण म्हणेल? शाल्मलीने मान डोलावली. वीणानेही डोलावली. आणि तिथून पुढे सगळ्यांच्या नशिबी हे पार्किंग आलं.

श्रीरंगराव सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. सगळी हयात दुसऱ्यांनी केलेलं काम तपासण्यात गेली. तयार झालेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांनी सही केल्याशिवाय पुढे जायचा नाही. लोक म्हणायचे, साहेबांच्या हातून साक्षात ब्रह्मदेवाचं कामही एकदा परत जाईल. रिटायर झाल्यावर टेबल सुटलं, सवय सुटली नाही. कामवालीने लादी पुसली की हे वाकून बघणार. वीणाने साबुदाणा भिजवला की दाणा बोटाने दाबून बघणार. आणि तोंडात दोनच शब्द, पास किंवा नापास. अशा माणसाने स्वतःच वायरिंग करायला घेतलं आणि स्वतःच तपासायला. म्हणजे कारखाना तेच आणि इन्स्पेक्टरही तेच. मग काय विचारता.

त्या शनिवारी अखेर दिवे लागले. पुढचे, मागचे, चारी कोपऱ्यांचे पिवळे इंडिकेटर भोंग्याच्या तालावर उघडमीट करायला लागले. वीणाने टाळ्या वाजवल्या. शाल्मली उतरून गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि तिने बापाचा गालगुच्चा घेतला. श्रीरंगराव म्हणाले, “रस्त्यावर तपासू.”

रस्त्यावर काढल्यावर तमाशा झाला. शिवाजीनगरला एका दुकानात दिव्यांच्या उघडझापेचा रिले बघायचा म्हणून तिघं निघाले. शाल्मली चालवत होती, श्रीरंगराव शेजारी, वीणा मागे. पहिल्याच वळणावर शाल्मलीने डावा इंडिकेटर दिला आणि डावीउजवीकडचे सगळेच दिवे लुकलुकायला लागले. उजवा दिला, तरी तेच. मागच्या रिक्षावाल्याला कळेना, ही बाई कुठे वळतेय. त्याने हॉर्न दाबला तो दाबलाच. जिच्यासाठी दाबला तिला ऐकू येत नव्हतं, आणि जिला येत होतं ती मागे बसून कपाळ चोळत होती. सिग्नलला तो रिक्षा शेजारी घेऊन आला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून असं काही बोलला की वीणाचे कान तापले.

शाल्मलीने आरशातून विचारलं, “काय म्हणाला?”

तिचा आवाज जाड, थोडा नाकातला. परक्याला पटकन कळत नाही, घरच्यांना कळतो.

“काही नाही. रागावलाय.”

“सगळं सांग. गाळायचं नाही.”

घरातला नियमच होता हा. शाल्मली लहान असताना एकदा मामाच्या घरी सगळे खोखो हसले, हिने विचारलं काय झालं, आणि वीणा म्हणाली ‘काही नाही गं, उगाच.’ पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून वीणा जे कानावर पडेल ते जसंच्या तसं तिला सांगायची. शिवी असली तरी शिवी, चुगली असली तरी चुगली. तिचं बँकेतलं काम सुटलं, सगळं सुटलं, पण या गोष्टीत तिने कधी काटछाट केली नाही आणि त्याचा तिला अभिमान होता.

“म्हणाला, नक्की कुठल्या दिशेला मरायला चाललीयेस ते ठरव एकदा.”

शाल्मली मोठ्याने हसली. रिक्षावाला दचकला. श्रीरंगरावांनी मनात नोंद केली आणि जाहीर केलं, “नापास.”

दुकानातही तीच रड. माणूस शाल्मलीकडे बघायलाच तयार नव्हता. तिने काही विचारलं की हा उत्तर देणार वीणाला. “मॅडम, बेटी को बोलो सायरन बस है, लाइट किसलिए?” वीणा म्हणाली, तिच्याकडे तोंड करून बोला, तिला ओठांवरून कळतं. तर हा शाल्मलीकडे तोंड करून दुप्पट मोठ्याने ओरडला. श्रीरंगरावांनी त्याला सुरक्षेवर व्याख्यान द्यायला घेतलं. त्या गोंधळात शाल्मलीनेच काउंटरवरच्या डब्यात हात घालून दोन जाडे काळे डायोड उचलले आणि बापाच्या हातावर ठेवले.

“तुम्ही डावी-उजवी एकत्र जोडलीत, बाबा. म्हणून एकीकडची वीज दुसरीकडे जाते. हे मध्ये टाका. वन-वे होईल.”

श्रीरंगरावांनी डायोड उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाले, “ते मला माहीतच होतं.”

वीणाला तेव्हाच जरा खटकलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वायरिंगमधल्या चुका काढल्या, तो अशी शाळकरी चूक करेल? पण तिने विचार झटकला. वय झालं असेल.

मंगळवारी शाल्मलीने स्वतः डायोड लावले. गाडीखाली निम्मी गेली होती, बाहेर नुसते पाय. झाल्यावर तिने बटण दाबलं, बॉनेटवर थाप मारली, आणि दिवे लागले. डावा इंडिकेटर दिला तर डावाच. उजवा दिला तर उजवाच. कुठे म्हणून खोट काढायला जागा नाही. श्रीरंगरावांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, वाकले, उठले, मागची काच रुमालाने पुसली आणि म्हणाले, “हं.”

“पास?” शाल्मलीने विचारलं.

“उद्या सकाळी थंड इंजिनावर बघू.”

वीणा आनंदाने वर आली खरी, पण कणीक मळताना तिच्या एकदम लक्षात आलं. दिवे लागले. म्हणजे पोर जाणार. सोमवारी हजर व्हायचं, रविवारी निघणार. थोरला शार्दूल तर केव्हाच पुण्याला गेलेला. मग या घरात कुणी ‘काय म्हणाला’ असं विचारणार नाही. कुणाला काही सांगायचं नाही. तिला स्वतःचाच राग आला. पोरीचं चांगलं होतंय आणि ही बया कणकेत टिपं गाळतेय! तिने कणीक अशी आपटली की परात वाजली.

बुधवारी सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. श्रीरंगराव फिरून आले ते वर न येता गाडीपाशी थांबले. बॉनेट उघडलं. आत दोन बोटं घालून चिमटीने काहीतरी उपसलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मग डबा चोरलेल्या पोरासारखं इकडेतिकडे बघितलं आणि हलक्या हाताने बॉनेट लावलं. वीणाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

दुपारी मशीन लावताना सवयीने तिने खिसे तपासले. शर्टाच्या खिशात एक इवलासा लाल प्लॅस्टिकचा तुकडा निघाला, खाली दोन चपटे पाय. फ्यूज. बँकेत काम केलेल्या बाईला फ्यूज कळत नाही असं कुणी समजू नये. हा काढला की भोंगा वाजेल, दिवे लागणार नाहीत.

अस्सं! म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं तर! तिला वाटलं असंच्या असं हॉलमध्ये जावं आणि तो तुकडा त्यांच्या पेपरवर आपटावा. विचारावं, लाज नाही वाटत का, पोटच्या पोरीशी असला डाव खेळता? तिने पाऊलही उचललं. आणि ते पाऊल हॉलकडे न जाता कपाटाकडे गेलं. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट तिने काढला आणि फ्यूज त्याच्या खिशात ठेवला. मळका शर्ट मशीनमध्ये टाकला. झालं. एवढंच केलं तिने.

संध्याकाळी श्रीरंगराव तो शर्ट घालून चहाला बसले. हात खिशाला लागला आणि थबकला. त्यांनी चष्म्यावरून वीणाकडे बघितलं. वीणा पोळी लाटत होती, ती लाटतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात काही करार असे न बोलताच होतात, आणि ते मोडायला फार जीव लागतो.

“दिवे लागत नाहीत,” चहा संपवून ते म्हणाले. “थंड इंजिनावर नापास. कुठेतरी लूज काँटॅक्ट आहे.”

शाल्मली खाली गेली. वीणाने गॅलरीतून बघितलं, पोरीने बॉनेट उघडलं, वाकली, आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बॉनेट लावून हात पुसत वर आली.

“काय झालंय गं?” वीणाने विचारलं.

“बाबांना विचार,” शाल्मली म्हणाली आणि खोलीत गेली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. श्रीरंगराव रोज बॉनेट उघडायचे, मीटर लावायचे, वायरी हलवायचे आणि मान हलवत वर यायचे. आणि वीणा मूग गिळून बसली होती. तिने स्वतःला शंभर कारणं दिली. म्हैसूरचा रस्ता वाईट. पोरगी एकटी. एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल. बाप करतोय तर तो बघून घेईल, मी कशाला मध्ये पडू? पण पोळी करपत होती, दूध उतू जात होतं, आणि वादिराजने जिन्यात ‘एन् अक्का, मुलगी कधी जाणार?’ असं सहज विचारलं तर ती त्याच्यावरच खेकसली.

सगळ्यात जास्त चीड तिला शाल्मलीची येत होती. कशी ही पोर इतकी गप्प? एरवी बापाच्या वायरिंगमध्ये दहा चुका काढणारी, आता ‘बरं बाबा, बघा’ म्हणून बॅग भरत बसलीय! भांडत का नाही?

शनिवारी म्हैसूरच्या घरमालकिणीचा फोन आला. बाई फक्त कन्नड बोलणार, तेही एकदम सुसाट, म्हणून फोन वीणाच घ्यायची. बाईंनी सांगितलं, रविवारी संध्याकाळपर्यंत मुलगी आली नाही तर खोली दुसऱ्यांना देईन, लोक वाट बघतायत. वीणाने ते शाल्मलीला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आणि सांगताना तिला मनातून वाटलं, बघा, मी खरं तेच सांगतेय की! कुणाची टाप आहे माझ्यावर बोट ठेवायची!

शाल्मली तिच्या ओठांकडे बघत होती. वीणाचं बोलून झालं तरी बघत राहिली.

“आणखी काही?” तिने विचारलं.

“नाही. एवढंच.”

रविवारी सकाळी बॅगा डिकीत गेल्या. लोणच्याची बरणी, कुकर, उशी, सगळं. वीणाने भरलं, आणि भरताना तिला पक्कं ठाऊक होतं की दुपारी हे सगळं परत वर आणावं लागणार आहे. श्रीरंगराव इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले, जणू कारखान्यात शेवटची तपासणी. गाडी लॉक केली. बॉनेटवर मूठ आपटली. भोंगा केकाटला. दिवे ढिम्म.

“नापास,” ते म्हणाले. मग वीणाकडे वळले. अवघड काही असलं की ते शाल्मलीशी कधीच थेट बोलायचे नाहीत. “तिला सांग, आज जाणं होत नाही. कंपनीला ईमेल कर म्हणावं. पुढच्या आठवड्यात बघू.”

शाल्मलीने बापाकडे बघितलंच नाही. ती आईच्या ओठांकडे बघत उभी होती. अगदी तशीच, जशी लहानपणी आरशासमोर उभी राहायची. प, ब आणि म, तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून वीणा तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, गालावर ठेवायची, एकेका अक्षरासाठी महिने जायचे. पोरीने कधी कंटाळा केला नाही. आईच्या तोंडातून येईल ते खरं, अशा भरवशाने बघायची.

वीणाने तोंड उघडलं. ‘आज जाणं होत नाही’ एवढे चार शब्द. ते काही केल्या बाहेर येईनात.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिचा आवाज असा चिरकला की भोंगा बरा. “तो फ्यूज काढा आधी खिशातून!”

श्रीरंगरावांचा चेहरा पडला. त्यांनी ‘कुठला फ्यूज’ वगैरे काही केलं नाही. हळूच खिशात बोटं घातली, तो लाल तुकडा तळहातावर घेतला आणि त्याच्याकडेच बघत राहिले.

“म्हैसूरच्या रस्त्याला मंड्याच्या पुढे ट्रक फार असतात,” ते म्हणाले. मग पुटपुटले, “मला झोप लागणार नाही गं. रोज रात्री मी उठून बघतो तिच्या खोलीत दिवा आहे का. आता काय बघू?”

वीणा हे सांगायला शाल्मलीकडे वळली. शाल्मलीने हात वर करून तिला थांबवलं.

“दिसलं मला. आणि फ्यूजचं माहीत होतं. बुधवारी रिकामी जागा बघितली.”

“माहीत होतं?”

“तुलापण माहीत होतं.” शाल्मलीचा जाड आवाज पार्किंगमध्ये घुमला. “तू मळक्या शर्टातून काढलास आणि धुतलेल्या शर्टात ठेवलास. मी दारात होते. तुझी पाठ होती माझ्याकडे.”

वीणाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. बाप लपवणार हे पोर धरूनच चालली असेल. पण आई? तिने आधाराला गाडीचं दार धरलं, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्या शरमेचाच एकदम संताप झाला.

“मग बोलली का नाहीस? चार दिवस गंमत बघत बसलीस? तोंड शिवलं होतं तुझं?”

म्हणाली आणि हबकली. ज्या तोंडातून एकेक अक्षर काढायला तिने आयुष्य घातलं, त्या तोंडाला ती हे बोलली! शाल्मलीवर ती कधी ओरडलेलीच नव्हती. श्रीरंगराव ‘वीणा, अगं’ म्हणून पुढे आले.

पण शाल्मलीचे डोळे चमकले.

“बोल,” ती म्हणाली. “आणखी बोल.”

“काय बोलू? डोंबल?”

“दादा पुण्याला गेला तेव्हा तू त्याच्याशी आठवडाभर भांडलीस. कृतघ्न म्हणालीस. जाऊ नको म्हणून रडलीस. जेवली नाहीस. माझ्या वेळी काय? अट! फ्यूज! मला कुणी जाऊ नको म्हणालंच नाही. मी चार दिवस वाट बघितली, कुणीतरी म्हणेल. मग मी भांडेन. मला भांडायचं होतं, आई! शार्दूलदादाला पट्टीने मारायचीस. मला कधी चापट नाही. कायम गोड. कायम बिचारी!”

“बिचारी? कोण बिचारी म्हणालं तुला?”

“तोंडाने नाही म्हणालात!”

“अगं भवाने, तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडण्यात माझा जन्म गेला! शाळेशी भांडले, डॉक्टरांशी भांडले, तुझ्या आजीशी भांडले, तुझ्याशी भांडायला वेळ कुठे होता मला?”

“आता काढ!”

“काढते! जाऊ नकोस! ऐक! मला तू जायला नको आहेस! घर खायला उठेल मला! त्या म्हैसूरच्या बाईला कन्नड कळतं, दुसरं काही कळत नाही, तुझं बोलणं तिला कळणार नाही, तुझी भाजी करपेल, तू आजारी पडशील आणि मला सांगणार नाहीस! आणि ती नोकरी, काय मोठी टिकोजीराव लागून गेलीय ती नोकरी!”

“मी जाणारच!”

“जा की! जा! उद्धट कार्टी!”

“तू खोटारडी!”

“हो, आहे खोटारडी! एकदाच झाले! शंभरदा करीन!”

वादिराज गॅलरीत येऊन उभा होता, बनियनवर. “अक्का! एनायतु?” काय झालं म्हणून त्याने घाबरून विचारलं. वीणाने वर बघून ओरडून सांगितलं, “काही नाही! भांडतोय! तुम्ही आत जा!” आणि तो मुकाट्याने आत गेला.

दोघी धापा टाकत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. शाल्मलीचे गाल लाल झाले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. अगदी शार्दूलसारखी दिसत होती, रागावल्यावर तो दिसायचा तशी. वीणाने तिला असं कधी बघितलंच नव्हतं.

श्रीरंगरावांनी बॉनेट उघडलं आणि फ्यूज बसवला. बटण दाबून मूठ आपटली. भोंगा वाजला, चारी कोपरे पिवळे होऊन लुकलुकले. ते पास म्हणाले नाहीत, नापासही म्हणाले नाहीत. त्यांनी किल्ली शाल्मलीच्या हातात ठेवली आणि जरा बाजूला जाऊन चष्मा पुसायला लागले. शाल्मलीने मागून जाऊन त्यांच्या पाठीवर कपाळ टेकलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि येऊन गाडीत बसली.

वीणा खिडकीशी गेली. अजून बोलायचं कितीतरी होतं, अर्धं रागाचं, अर्धं कसलं ते तिलाच कळत नव्हतं. पण ओठ थरथरत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शाल्मलीने निरखून बघितलं आणि नाइलाजाने मान हलवली.

“काही कळत नाही,” ती म्हणाली. “संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावते. उरलेलं तेव्हा भांडू. आणि रडू नकोस, आई. रडलीस की तुझे ओठ वाचता येत नाहीत.”

वीणाने पदराने तोंड पुसलं. खसाखसा पुसलं. मग खिडकीत वाकून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, “सात वाजता लाव. मी जेवून बसते.”